फुलण्यापुरती ओल

दिवाळी आटोपली की विदर्भातल्या चामोर्शी तालुक्यात गावोगावी बोलणं ओलाव्यावर येतं. बांध्यांतलं धान कापून झालेलं असतं, पुंजणे रचलेले असतात, चुरणी कुणाची उरकलेली, कुणाची मजुरांअभावी अडलेली. पोती आधारभूत खरेदी केंद्रावर उतरली की पहिली परीक्षा दाण्यातल्या पाण्याची. मूठभर धान यंत्रात घालायचं आणि आकडा बघायचा. १७ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर धान पुन्हा उन्हात पसरावं लागतं, आणि त्यातच आभाळ भरून आलं तर शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. यंत्रं येण्याआधीही ही परीक्षा होतीच. दाणा दातांखाली धरायचा; कट् करून तुटला तर वाळला, नुसता चेपला तर अजून ओला.

दाण्याच्या पोटात पाणी असतं आणि त्या पाण्यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं, हे ज्या मुलखाला दातांनी कळतं, त्याला पॉपकॉर्नची गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. मक्याचा दाणा फुलतो तो बाहेरच्या जाळापेक्षा आतल्या पाण्यामुळे. त्याला साडेतेरा ते चौदा टक्के ओलावा लागतो. त्याहून फार कमी झाला तर वाफ पुरत नाही, फार वाढला तर टरफल वेळेआधी उसवतं आणि लाही चामट होते. फुलल्यावर मात्र हेच पाणी तिचं वैरी. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या लाह्या तासाभरात मऊ पडतात. दाण्यात ओल हवी, लाहीत नको: घरी पॉपकॉर्न करण्याची सगळी विद्या या दोन टोकांच्या मध्ये आहे. त्यावर गोड आणि तिखट दोन्ही चढवायचं म्हटलं तर ती आणखी नाजूक होते.

फ्रान्सच्या दोन अभियंत्यांनी, एमान्युएल विरो आणि अलेक्झांद्र पोनोमारेन्को यांनी, २०१५ साली हे फुलणं वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं. १७० अंश सेल्सियसला त्यांच्या दाण्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश फुटले, आणि १८० अंशांना जवळजवळ सगळे. दहा अंशांचा हा उंबरठा. तोवर टरफलाच्या आत वाफ कोंडलेली असते, भोवतालच्या हवेच्या नऊ-दहा पट दाबानं; दाणा म्हणजे शिट्टी नसलेला इवलासा कुकरच. आतलं पिठूळ द्रव्य त्या उष्णतेनं मऊ लगद्यासारखं होतं. टरफल फाटतं, लगदा बाहेर उसळतो, फुगतो आणि निमिषात थंड होऊन आहे त्या आकारात गोठतो. चित्रफितीत दिसतं की आधी एका बाजूनं पायासारखा एक कोंब बाहेर येतो, तो तव्याला रेटा देतो आणि दाणा कोलांटी घेत हवेत उडतो. ‘फट्’ हा आवाज टरफल फाटण्याचा नाही, कोंडलेली वाफ सुटण्याचा आहे, असाही त्यांचा निष्कर्ष.

मग काही दाणे तसेच का राहतात? पातेल्याच्या तळाशी राहणारे हे गणंग सगळ्यांच्या ओळखीचे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २००५ साली ब्रूस हॅमाकर यांच्या गटानं त्यांची तपासणी केली, तेव्हा फरक टरफलात सापडला. चांगल्या दाण्याच्या टरफलातलं सेल्युलोज तापल्यावर अधिक घट्ट, अधिक सुबक रचनेत बसतं आणि ओल आत धरून ठेवतं. गणंगाचं टरफल झिरपतं. वाफ हळूहळू निघून जाते, दाब चढतच नाही.

सांदवाडीत लावलेल्या साध्या मक्याच्या लाह्या नीट होत नाहीत, त्याचंही कारण इथंच. श्रावण-भादव्यात भाजून खायचा भुट्टा वेगळा आणि लाह्यांचा मका वेगळा. लाह्यांच्या मक्याचा दाणा लहान, टणक, आतून काचेसारखा; मऊ पिठूळ भाग त्यात थोडाच. म्हणून त्याचं स्वतंत्र बियाणं असतं. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘व्हीएल अंबर’ हे आपल्याकडचं एक. बीचा असा बारकावा या पट्ट्याला नवा नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या शेतातल्या धानात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी राखलं, वर्षानुवर्षं निवडत नेलं आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ उभा राहिला. ३ जून २०१८ रोजी ते गेले. त्यांचा तांदूळ मात्र आज दूरदूरच्या ताटांत आहे. दाण्याकडे असं निरखून पाहण्याची सवय असलेल्या माणसांना लाहीचा दाणा निवडणं अवघड नाही.

मका इथं पोर्तुगिजांच्या मागोमाग, सोळाव्या शतकात आला असं मानतात. त्याच्या मूळ मुलखात माणूस त्याच्या लाह्या फार आधीपासून खात होता. पेरूच्या किनाऱ्यावर पारेदोनेस आणि उआका प्रिएता इथं सापडलेल्या कणसांचं वय सुमारे ६,७०० वर्षांपर्यंत मागं जातं. पण आपल्याकडे मका यायच्या पुष्कळ आधी लाह्या होत्याच. दोन हजार वर्षांहून जुन्या गृह्यसूत्रांत लग्नविधीतला लाजाहोम सांगितलेला आहे, आणि आजही लग्नात नवरीच्या ओंजळीत तिचा भाऊ लाह्या घालतो. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आणि बत्तासे, नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या आणि फुटाणे, गोपाळकाल्यात पुन्हा लाह्या. महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची मोठी यात्रा भरते. चामोर्शी तालुक्यातलं हे देवस्थान. इथं नदी वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. त्या दिवशी उपास असतो, आणि उपासाला चालते ती राजगिऱ्याची लाही. कोरड्या, चांगल्या तापलेल्या कढईत चिमटीभर राजगिरा टाकायचा, फडक्याच्या बोळ्यानं फिरवायचा, पांढरा झाला की लगेच काढायचा आणि पुढची चिमूट टाकायची. गुळाच्या पाकात वळला की लाडू. गोड पॉपकॉर्नची सगळी रीत या लाडवात आधीपासून आहे: आधी फुलवायचं, मग पाक, मग घाईघाईनं हात.

तांदळाच्या बाबतीत तर दोन वेगळ्या वाटा आहेत. लाही होते ती सालासकट साळीची. तिथे साल झाकणाचं काम करते, वाफ धरते आणि फुटल्यावर पाखडून टाकली जाते. मुरमुरे होतात ते उकडलेल्या धानाच्या तांदळाचे. तांदळाला मिठाचं पाणी लावून तो जरा सुकवतात आणि धगधगत्या वाळूत टाकतात, की क्षणात फुगतो. वरती झाकण नाही, तरी फुगतो, कारण उकडल्यानं दाण्याचं पीठ आधीच शिजून एकजीव घट्ट झालेलं असतं. भडभुंज्याच्या भट्टीवर वाळूचा ताप हातानं कळतो. चाळण फिरली की वाळू खाली आणि मुरमुरे वर. ही नजर कुठल्याही पुस्तकात बसत नाही, आणि भट्ट्या कमी होत चालल्या तशी तीही कमी होते आहे, याचं वाईट वाटतं.

चामोर्शी आणि शेजारच्या मुलचेरा तालुक्यांत याच कलेची आणखी एक शाखा आली. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून विस्थापित झालेल्या बंगाली कुटुंबांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या या भागात जमिनी देऊन वसवलं गेलं. ती माणसं धान पिकवणारीच होती. बांधी, रोवणी, चिखल, पाऊस, सगळं त्यांच्या ओळखीचं. बोली तेवढी निराळी. बंगाली घरात साळीच्या लाहीला खोई म्हणतात, मुरमुऱ्यांना मुडी. खोईला गुळाचा पाक लावला की मुडकी, गोळा वळला की मोआ. बंगालमधल्या जयनगरच्या मोआला तर २०१५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि मुडीत कच्चं मोहरीचं तेल, हिरवी मिरची, कांदा, चणे घातले की झालमुडी, जिच्या नावातच तिखट आहे. एका दाण्याचं गोड रूप आणि तिखट रूप ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी खात आली. वऱ्हाडी-झाडी घरांतही तसंच. एका डब्यात मुरमुऱ्यांचे गुळातले लाडू, दुसऱ्यात फोडणी दिलेला चिवडा. दोन्ही एकाच घासात यावेत ही मात्र अलीकडची हौस आहे. ती पुरवायला नव्या पद्धतीची गरज पडत नाही. जुन्या दोन पद्धती कोणत्या क्रमानं लावायच्या, एवढंच समजून घ्यावं लागतं.

आणि मराठी जिभेला ही जोडी नवी कशी म्हणावी? सणाच्या पानातलं पंचामृत आठवावं: हिरवी मिरची, तीळ, शेंगदाणे, चिंच आणि गूळ. मेथांबा घ्या, कैरीचं गोडतिखट लोणचं घ्या. गोड आधी जिभेला भेटतं, तिखट मागून येतं आणि रेंगाळतं. त्यालाही कारण आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन ही चवच नव्हे. तोंडातल्या ज्या मज्जातंतूंना चटका कळतो, त्यांनाच ते चाळवतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली तो ग्राहक शोधून काढला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गोड त्या चटक्याची धार बोथट करतं. म्हणूनच गोडाबरोबर तिखट जास्त खाल्लं जातं, आणि हात पुन्हा ताटलीकडे जातो.

आता प्रत्यक्ष चुलीपाशी.

जाड बुडाचा मोठा गंज घ्यावा, पाचेक लिटरचा. अर्धी वाटी दाणे, म्हणजे साधारण १०० ग्रॅम, फुलून तीन-चार लिटर जागा व्यापतात. दोन मोठे चमचे तेल. तेलात आधी तीन-चारच दाणे टाकायचे आणि वाट पाहायची. ते फुटले म्हणजे तेल त्या १८० अंशांच्या उंबरठ्यापाशी पोचलं. आता सगळे दाणे टाकून गंज अर्धा मिनिट आचेवरून खाली घ्यायचा. ही अर्ध्या मिनिटाची विश्रांती बहुतेक जण गाळतात, आणि तीच मोलाची. त्या वेळात सगळे दाणे सारखे तापतात, मग पुन्हा आचेवर ठेवले की एका दमात फुलतात. नाहीतर पहिले करपतात आणि शेवटचे गणंग राहतात. झाकण घट्ट लावू नये, बारीक फट ठेवावी. दाण्यांतून सुटलेली वाफ बाहेर गेली नाही तर ती लाहीतच मुरते आणि कुरकुरीतपणा जन्मतःच मरतो. दोन आवाजांमधलं अंतर दोन सेकंदांवर गेलं की आच बंद. पोरं झाकण उचलायला टपलेली असतातच. “थांब बाळा, आवाज मंदावू दे,” असं आजी म्हणते ते अगदी बरोबर आहे. चार वर्षांखालच्या लेकरांना मात्र लाह्या देऊच नयेत, घशात अडकतात.

दाणे जुने, फार सुकलेले असले तर बरणीत चमचाभर पाणी शिंपडून, हलवून, झाकण लावून दोन-तीन दिवस ठेवावेत. हरवलेली ओल परत येते आणि गणंग पुष्कळ घटतात.

लाह्या परातीत काढून हलवल्या की गणंग तळाशी जातात. ते इथंच निवडून टाकायचे. पाक चढल्यावर ते दिसत नाहीत आणि दाताला इजा करतात.

नुसत्या तिखट लाह्या सोप्या, पण त्यांचीही एक खोच आहे. कोरडं तिखट कोरड्या लाहीवर टिकत नाही, ताटाच्या तळाशी जमतं. कॅप्सायसिन स्निग्ध पदार्थात विरघळतं, पाण्यात नाही. म्हणून चमचाभर तूप किंवा तेल कोमट करून, आच बंद केल्यावर, त्यात तिखट, हळद आणि जिरेपूड कालवायची आणि ते लाह्यांवर फिरवायचं. उकळत्या तेलात तिखट टाकलं तर ते काळवंडतं आणि घरभर ठसका उठतो. मीठ मिक्सरमध्ये फिरवून पिठासारखं करावं. जाड मीठ घरंगळून जातं. मिरची भिवापूरची मिळाली तर उत्तम. चंद्रपूरच्या सीमेला लागून असलेल्या नागपूर जिल्ह्यातल्या या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिचा लाल रंग लाहीच्या पांढऱ्यावर फार देखणा उतरतो. विदर्भातल्या घरात जवसाची चटणी असतेच. ती कोरडी, खमंग चटणी तुपाळलेल्या लाह्यांवर भुरभुरली तर बाहेरच्या कुठल्याही मसाल्याच्या पुडीची आठवण राहत नाही.

गोडाचं गणित पाकाचं आहे. १०० ग्रॅम दाण्यांच्या लाह्यांना सव्वाशे ग्रॅम गोड पुरतं. सगळा गूळ घेऊ नये. निम्मा गूळ, निम्मी साखर. चवीला गूळच हवा, पण गुळात साखरेची फोड होऊन बनलेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आधीच असतात, आणि ते हवेतली ओल चटकन ओढतात. नुसत्या गुळाचं आवरण म्हणूनच लवकर चिकट होतं. लिंबू पाकात पिळण्याची सवय अनेकांना असते, पण आंबटानं साखरेची अशीच फोड होते. आंबट हवंच असेल तर शेवटी आमचूर भुरभुरावा. गूळ-साखर, दोन चमचे पाणी आणि दीड चमचा तूप मंद आचेवर ठेवायचं. आधी मोठे, सैल बुडबुडे येतात, ते पाणी उडत असल्याचे. मग बुडबुडे लहान, जड आणि संथ होतात, वास बदलतो, कडेला तांबूस रंग धरू लागतो. थेंब गार पाण्यात टाकून बोटांत मोडून पाहायचा. वाकला तर अजून थांबायचं. काडीसारखा मोडला की पाक झाला. तो थेंब मोडतो याचा अर्थ पाकातलं पाणी जवळजवळ संपलं. इथं घाई झाली तर लाह्या दातांना चिकटतात, आणि उशीर झाला तर कडवटपणा येतो. मधला अवकाश अर्ध्या-एक मिनिटाचा.

आच बंद. चिमूटभर खाण्याचा सोडा. पाक एकदम फसफसतो, रंग उजळतो, आणि त्यात असंख्य बारीक बुडबुडे अडकतात. आवरण थंड झाल्यावर जे दगडासारखं न लागता कुरकुरतं, ते या बुडबुड्यांमुळे. फेस चढला की आणि तेव्हाच तिखटाची वेळ. आधी घातलं तर दीडशे अंशांच्या आसपासच्या पाकात ते जळून कडू होतं, आणि लाह्यांवर नंतर नुसतं भुरभुरलं तर पाक तोवर गोठलेला असतो. पाऊण चमचा तिखट, अर्धा चमचा मीठ, हे अर्धा चमचा वितळलेल्या तुपात आधीच कालवून तयार असलं पाहिजे. तसं केलं नाही तर तिखटाच्या गुठळ्या होतात आणि एखादाच घास डोळ्यांत पाणी आणतो. ढवळून लगेच लाह्यांवर धारेनं ओतायचं आणि तेल लावलेल्या दोन उलथण्यांनी खालवर करायचं. हात मिनिटभरच चालतो, मग पाक ऐकत नाही.

पुढची पायरी बहुतेक पाककृतींत एका ओळीत उरकलेली असते, आणि निम्मं यश तिच्यात आहे. पाक ओतताना लाहीला थोडी ओल लागतेच. ती काढण्यासाठी लाह्या मोठ्या कढईत अगदी मंद आचेवर पाच-सात मिनिटं परतत राहायच्या, किंवा ओव्हन असेल तर १२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवायच्या, मधून मधून हलवत. मग परातीत पसरून, एकमेकींपासून सोडवून, पूर्ण थंड होऊ द्यायच्या. कोमट असताना डब्यात भरल्या तर झाकणाला आतून घाम येतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

गोड आणि तिखट यांतला फरक सरकारदरबारीही एकदा मोठ्या चर्चेचा झाला. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरला वस्तू आणि सेवा कर परिषदेची पंचावन्नावी बैठक झाली, आणि पॉपकॉर्नवरच्या तेव्हाच्या कराचा खुलासा करण्यात आला: मीठ-मसाला लावलेले सुटे पॉपकॉर्न नमकीन, त्यांवर ५ टक्के, तेच वेष्टनात, छापील नावानिशी विकले तर १२, आणि साखरेचं आवरण चढवलं की ती मिठाई, म्हणून १८ टक्के. देशभर त्यावर बोललं गेलं. स्वयंपाकघराच्या बाजूनं पाहिलं तर मात्र हा भेद निराधार नव्हता. मीठ-तिखट लाहीवर बसतं आणि लाही लाहीच राहते. पाक तिला बदलतो: तिचं वजन दुप्पट करतो, तिची टिकण्याची रीत बदलतो, करणाऱ्याकडून वेगळं कसब मागतो.

पॉपकॉर्नच्या किमतीवरून त्याआधीही वादळ उठलं होतं. मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे पदार्थ का नेऊ देत नाहीत, हा प्रश्न २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयात गेला. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन नागपूरला होतं, आणि तिथे जुलैत राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी प्रेक्षकांना घरचं खाणं नेता येईल अशी ग्वाही दिली. अखेर ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बाहेरचं खाणं अडवण्याचा अधिकार चित्रपटगृहाच्या मालकाचा ठरवला. धानाच्या या मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, या वादाचं अप्रूप वाटावं. इथं भाऊबीजेपासून मंडई भरू लागते आणि धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचं केंद्र. तिथल्या नाट्यमंडळांचे प्रयोग चामोर्शीपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे गावोगावी लागतात. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव दिल्लीत घेतलं गेलं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. प्रेक्षक चादरी, शाली, लेकरं घेऊन येतात आणि बरोबर घरचं खाणंही आणतात. कुणी अडवत नाही. मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, चिवडा, आणि आता मक्याच्या लाह्या. थंडीच्या अशा रात्रीला गोडतिखट लाही अगदी साजेशी आहे: पोट जड होत नाही, झोप येत नाही, आणि मार्गशीर्ष-पौषातली कोरडी हवा तिला पहाटेपर्यंत कुरकुरीत ठेवते.

हाच हंगामाचा विचार पुढे नेला तर एक पदार्थ या जंगलाच्या मुलखात व्हायलाच हवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात. पहाटे टोपल्या घेऊन बायका-पोरं झाडांखाली असतात, आणि दुपारपर्यंत अंगणात फुलं वाळत पडलेली असतात. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा साखरेचा. मोहफुलाचं नाव निघालं की दारूचीच चर्चा होते, हे त्या फुलावर अन्याय करणारं आहे. भाजून, तिळाबरोबर कुटून, लाडू वळून ती खाल्ली जातात, आणि भाकरीच्या पिठातही घातली जातात. ही फुलं स्वच्छ निवडून, आतले केसर आणि वाळू काढून, भिजवून उकळावीत, गाळावीत आणि तो रस आटवावा. काकवीसारखा दाट पाक होतो, गर्द तपकिरी, आणि त्याचा वास दुसऱ्या कशाला नाही. लाह्यांच्या पाकात गुळाच्या जागी हा वापरता येतो. त्यातली बहुतेक साखर ओल ओढणाऱ्या जातीची असल्यानं त्याचं प्रमाण एक तृतीयांशावर ठेवावं, बाकी पांढरी साखर. तिखटही निम्मंच, मोहाचा गंध तिखटाखाली दबता कामा नये.

मोह गळतो तो महिनाच मुळात वर्षातला कोरड्यातला कोरडा. चैत्राच्या त्या उन्हात पाकाची लाही दुपारभर परातीत उघडी राहिली तरी मऊ पडत नाही. जुलैत रोवणीच्या दिवसांत, भिंतींनासुद्धा ओल येते तेव्हा, गोडाच्या वाटेला जाऊ नये. त्या दिवसांत लाह्या तिखटच कराव्यात, जवसाची चटणी लावून, दोन-दोन मुठी दाण्यांच्या, आणि पहिला घाणा संपल्यावरच दुसरा गंज चुलीवर चढवावा.